नाशिकहून सुपरयॉटवर नोकरी: आधी काय करायचं, आणि एजंटला साडेतीन लाख द्यायचे का?

गोदाकाठ_२३

नमस्कार मंडळी. वय २४, हॉटेल मॅनेजमेंटची डिग्री, गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत टेस्टिंग रूमला दोन वर्षं. धाकटा भाऊ २१ चा, आयटीआय डिझेल मेकॅनिक, सध्या अंबड एमआयडीसीत. दोघांनाही सुपरयॉटवर (श्रीमंतांच्या मोठ्या आलिशान बोटीवर) जायचंय, मला इंटिरियरला (आतली सेवा-साफसफाई), त्याला इंजिनरूमला. यूट्यूबवर बघावं तर सगळे युरोपियन नाहीतर साउथ आफ्रिकन. आपल्या पासपोर्टवर काय जमतं ते कुणी धड सांगत नाही.

१. कोर्स कोणते, आणि कोणत्या क्रमाने करायचे?
२. अँटिब (फ्रान्स), पाल्मा (स्पेन) इथे बंदरावर फिरून काम मागतात म्हणे. आपण जाऊन तसं करू शकतो का?
३. वाइनच्या अनुभवाला तिकडे काही किंमत आहे का?
४. भावाने आणखी काय शिकावं?
५. मुंबईचा एक एजंट दुबईतल्या ५० मीटरच्या यॉटवर दोघांची ‘शंभर टक्के जॉइनिंग’ म्हणतोय. प्रत्येकी साडेतीन लाख, निम्मे आधी. घरचे सोनं मोडायला तयार आहेत. द्यावेत का?

फेंडर_आणि_दोर

पाचव्याचं आधी, कारण ते घाईचं आहे. सोनं कपाटात राहू द्या.

सागरी कामगारांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, एमएलसी म्हणतात. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत, सरळही नाही आणि आडवळणानेही नाही. तुमच्या खिशातून जाऊ शकतात ते फक्त मेडिकल, सीडीसी (खलाशाचं ओळख-नोंदपुस्तक) आणि पासपोर्टचे. व्हिसाचा खर्चसुद्धा मालकाचा. ‘प्रोसेसिंग’, ‘डॉक्युमेंटेशन’, ‘रिफंडेबल डिपॉझिट’ ही सगळी त्याच पैशाची बारशाला ठेवलेली वेगवेगळी नावं.

भारतातून जहाजावर माणसं भरायला आरपीएसएल नावाचं भरतीचं लायसन्स लागतं. लायसन्सधारकांची यादी डीजी शिपिंग या सरकारी खात्याच्या वेबसाइटवर आहे. एजंटाला नंबर मागा आणि यादीतलं नाव-पत्ता जुळवा. पण तेवढ्यावर थांबू नका. खऱ्या कंपनीचा नंबर स्वतःच्या लेटरहेडवर छापणारे महाभाग कमी नाहीत. फोन करायचा तो यादीतल्या नंबरवर, पत्रावरच्या नव्हे, आणि विचारायचं की हा माणूस तुमचा आहे का.

दुसरी तपासणी जहाजाची. जहाजाचं नाव, फ्लॅग (नोंदणीचा देश), आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) आणि एमएमएसआय नंबर (जहाजाच्या रेडिओचा ओळख क्रमांक) लेखी मागा. आयएमओ नंबर सात आकडी असतो आणि खोटा असेल तर बऱ्याचदा घरबसल्या पकडता येतो. पहिल्या सहा अंकांना डावीकडून अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा अंक हाच सातवा अंक असायला हवा. उदाहरणार्थ ९०७४७२९: ६३ + ० + ३५ + १६ + २१ + ४ = १३९. शेवटी ९, सातवा अंकही ९. जुळलं. लहान किंवा खासगी यॉटला आयएमओ नंबर नसूही शकतो, पण ५० मीटरच्या चार्टर (भाड्याने दिल्या जाणाऱ्या) यॉटला नाही म्हणाला तर कान टवकारा.

एमएमएसआय नऊ आकडी. पहिले तीन आकडे फ्लॅग सांगतात: केमन आयलंड्स ३१९, मार्शल आयलंड्स ५३८, माल्टा २४८ (माल्टाचे आणखीही काही आहेत), यूएई ४७०, भारत ४१९. फ्लॅग एक आणि आकडे दुसऱ्याचे, असं दिसलं की विषय संपला.

आता क्रम. लोक उलट जातात: आधी कोर्सचे पैसे भरतात आणि मग मेडिकलला अडकतात. म्हणून मेडिकल पहिलं. रेड एन्साइन म्हणजे ब्रिटिश, केमन वगैरे फ्लॅगच्या यॉटवर ईएनजी-वन नावाचं मेडिकल सर्टिफिकेट मागतात. ते ब्रिटनच्या एमसीए या सागरी खात्याने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडूनच घ्यावं लागतं. मान्यताप्राप्त डॉक्टरांची देशवार यादी सरकारी वेबसाइटवर आहे. मुदत दोन वर्षं. यात बरेच जण अडकतात ते रंग ओळखण्याच्या चाचणीत. ठिपक्यांच्या गोलातला आकडा दिसला नाही तर सर्टिफिकेटवर रात्रीच्या लुकआउटची (टेहळणीची) बंदी येऊ शकते, आणि डेकचं करिअर तिथेच खुंटतं. इंटिरियरला त्याचा अडसर सहसा नाही. डेकवर जायचं असेल तर आधी नाशिकमध्येच डोळ्यांच्या डॉक्टरकडे ही ठिपक्यांची इशिहारा चाचणी करून घ्या, म्हणजे मुंबईची फेरी वाया जाणार नाही.

मग इंडोस नंबर (खलाशी म्हणून डीजीकडची नोंद) आणि एसटीसीडब्ल्यूचे (खलाशी प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे) बेसिक कोर्स. त्यात पाच गोष्टी: पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा व जबाबदारी, आणि सिक्युरिटी. सिक्युरिटीचे दोन प्रकार आहेत, साधं अवेअरनेस आणि नेमून दिलेल्या कामाचं. दुसरं करा, ते पहिल्याच्या वरचं आहे. वैयक्तिक सुरक्षेच्या अभ्यासक्रमात १ जानेवारी २०२६ पासून छळ आणि लैंगिक छळ रोखण्याचा भाग आला आहे, म्हणून जुन्या नोट्सवर शिकवणारी संस्था टाळा. पाण्यातला आणि आगीचा, हे दोन दर पाच वर्षांनी पुन्हा ताजे करावे लागतात. तारीख उलटली की चांगला सीव्हीही बाजूला पडतो.

डीजीमान्य संस्था बऱ्याचशा नवी मुंबईकडे, बेलापूर-नेरूळच्या पट्ट्यात आहेत. पंचवटी एक्स्प्रेसने अप-डाऊन करू म्हणाल तर गाडी पोहोचेपर्यंत पहिलं लेक्चर झालेलं असतं, आणि हजेरी कमी पडली की सर्टिफिकेट अडतं. मावशी-आत्याचं घर शोधून ठेवा. ब्रिटनमध्ये हेच पाच दिवसांत होतं, पण फी लाखाच्या घरात. आपल्याकडे त्यामानाने फारच कमी. सर्टिफिकेट भारतीय असलं तरी एसटीसीडब्ल्यू ते एसटीसीडब्ल्यूच.

नंतर सीडीसी. खासगी यॉटवर ती मागतीलच असं नाही, पण व्हिसाच्या खिडकीवर आणि विमानतळावर ‘मी खलाशी आहे’ हे सिद्ध करायला तिच्यासारखा कागद नाही.

बंदरवाट

प्रश्न दोनचं सरळ उत्तर: नाही.

त्या फिरण्याला डॉकवॉकिंग म्हणतात. सकाळी आठच्या आधी, सीव्हीच्या प्रती हातात, एकेका यॉटच्या शिडीपाशी उभं राहून ‘डेवर्क (एका दिवसाचं रोजंदारी काम) आहे का’ विचारायचं. युरोपियन पासपोर्टवाल्याला ते चालतं. आपण शेंगेनच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) टूरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहू शकतो, पण त्या व्हिसावर एक दिवसही पगारी काम करता येत नाही. पकडलं तर हद्दपारीची नोंद होते, आणि ती पुढच्या प्रत्येक व्हिसा फॉर्मवर लिहावी लागते. त्या नादाला लागू नका.

आपला रस्ता असा: नोकरी आधी ठरते, करार हातात येतो, मग जहाजावर रुजू होण्यासाठीचा व्हिसा मालकाच्या किंवा मॅनेजमेंट कंपनीच्या पत्रावर निघतो. याचा अर्थ कॅप्टनला तुमच्यासाठी कागदांची डोकेदुखी घ्यावी लागते. शेजारचा युरोपियन डेकहँड (डेकवरचा कामगार) उद्या सकाळी रुजू होऊ शकत असताना त्याने ती का घ्यावी, याचं उत्तर तुमच्या सीव्हीत हवं. कोर्सच्या यादीपेक्षा हे उत्तर मोठं आहे.

व्हिसा हा सीव्हीतला पात्रतेइतकाच वजनदार भाग. अमेरिकेचा बी-वन/बी-टू पासपोर्टवर असेल तर तो सीव्हीच्या वरच्या तिसऱ्या ओळीत लिहा. परदेशी फ्लॅगच्या यॉटवर कॅरिबियन-फ्लोरिडाचा हंगाम करायला तोच मागतात. क्रूझ आणि मालवाहू जहाजांना मिळतो तो सी-वन/डी, आणि खासगी यॉटला तो सहसा चालत नाही. खूप जण इथे फसतात: क्रूझला दोन कॉन्ट्रॅक्ट केले, ‘यूएस व्हिसा आहे’ असं लिहिलं, आणि कॅप्टनने प्रकार विचारला की गप्प. मुलाखतीत खिडकीवर मात्र खरं कारणच सांगा.

हंगाम लक्षात ठेवा. भूमध्य समुद्रात मे ते सप्टेंबर, कॅरिबियनमध्ये साधारण डिसेंबर ते एप्रिल. म्हणजे मेडची (भूमध्याची) भरती फेब्रुवारी-मार्च-एप्रिलला. इकडे द्राक्षं उतरायला लागली की तिकडे माणसं शोधायला लागतात. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास मेडिकल आणि कोर्स सुरू केलेत तर वेळ बसतो. जूनमध्ये सीव्ही पाठवाल तर क्रू भरलेला असतो, फक्त कुणी मध्येच सोडून गेलं तर जागा निघते, आणि तिथे व्हिसा तयार असलेलाच लागतो. आखाताचा हंगाम हिवाळ्याचा, त्याची भरती सप्टेंबर-ऑक्टोबरला.

दुबईबद्दल एक. दुबई मरीनातून दोन-चार तासांच्या पार्टी ट्रिपा मारणाऱ्या चार्टर बोटी आणि खरीखुरी सुपरयॉट हे दोन वेगळे धंदे आहेत. पहिल्यात भारतीय भरपूर आहेत, पगार कमी, दिवसाला तीन-तीन ट्रिपा, राहणं किनाऱ्यावर. दोर, फेंडर (बोटीला धक्का बसू नये म्हणून लावतात ते फुगे), पाहुणे यांची सवय होते, म्हणून वर्षभर करायला वाईट नाही. पण ‘सुपरयॉट’ म्हणून तीच विकतात.

स्टारबोर्ड_कॅबिन

इंटिरियरचं मी सांगते. बंदरवाट म्हणाले ते ‘कॅप्टनने डोकेदुखी का घ्यावी’ याचं तुमचं उत्तर तुमच्या टेस्टिंग रूममध्येच आहे, फक्त ते नीट मांडलेलं नाही.

‘दोन वर्षं वायनरीत काम’ एवढं लिहू नका. एका सत्रात किती पाहुणे, किती वाइन्स ओतल्या, परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत समजावलं का, स्टॉक कुणी मोजला, ग्लास कुणी पॉलिश केले, ते लिहा. यॉटवर चीफ स्ट्यूला (स्ट्यू म्हणजे स्ट्युअर्डेस, ही त्यांची प्रमुख) नेमकी हीच माहिती हवी असते. सोबत डब्ल्यूएसईटी हा वाइनचा कोर्स करा. लेव्हल वन एका दिवसाचा, परीक्षा ३० प्रश्नांची, पर्याय निवडायचे. लेव्हल टू ५० प्रश्नांची, एक तास. सरळ टू केलात तरी चालतं, वनची अट नाही. तुम्हाला शेनिन ब्लाँ आणि सोविन्यों ब्लाँ हातातल्या आहेत, पण यॉटवर मागणी असते प्रोव्हांसची रोझे, शॅम्पेन, बरगंडी यांची. तो नकाशा पाठ हवा. तापमानही: स्पार्कलिंग ६ ते १०, हलक्या व्हाइट ७ ते १०, ओक लावलेल्या जड व्हाइट १० ते १३, जड रेड १५ ते १८ अंश. मेच्या उन्हात उघड्या डेकवर ‘रूम टेम्परेचर’ची रेड म्हणजे काढा होतो. ती फ्रिजमध्ये वीस मिनिटं ठेवूनच बाहेर न्यायची. शॅम्पेन उघडताना बूच धरून ठेवून बाटली फिरवायची, ४५ अंशांत, आवाज फुसकन निघाला पाहिजे. फटाका वाजला आणि बूच सागवानी डेकवरून छताच्या रंगावर आपटलं की तो ओरखडा डेक टीमच्या वहीत जातो, तुमच्या नावासकट.

पण सर्व्हिस हा कामाचा लहान भाग. ज्युनियर स्ट्यूचा बहुतेक दिवस कॅबिन आणि लाँड्रीत जातो. ‘डिटेलिंग’ म्हणजे काय ते एका बाथरूमपुरतं सांगते. नळाच्या बुडाशी जी रेघ असते तिथे पाण्याचा पांढरा क्षार साठतो. तो कॉटन बडने काढायचा, मग टूथब्रश, मग कोरडं मायक्रोफायबर. टॉयलेट पेपरचं टोक दुमडलेलं, शॅम्पूच्या बाटल्यांची लेबलं एका दिशेला, नाल्याच्या जाळीत एकही केस नाही, आणि शॉवरच्या काचेवर तिरप्या उजेडात बघितलं तरी डाग नाही. नवीन लोक दोन मोठ्या चुका करतात. पहिली, संगमरवरावर व्हिनेगर किंवा लिंबू असलेला क्लीनर मारणं. क्षार तर निघतो, पण आम्ल दगडालाच खातं आणि चमक कायमची जाते, तिथे पुन्हा पॉलिश करायला कारागीर आणावा लागतो. संगमरवर आणि लाइमस्टोनला फक्त न्यूट्रल क्लीनर. दुसरी, सोनेरी मुलाम्याच्या नळांवर खरखरीत स्पंज. मुलामा मायक्रॉनमध्ये असतो, दहा वेळा घासला की खालचा धातू दिसतो. कपडा ओला, मग कोरडा, बस. घरी देवाची चांदी घासताना जी पावडर वापरतो ती इथे हातात धरायची नाही.

लाँड्रीत प्रत्येक कपड्याचं लेबल वाचायचं, पाहुण्याच्या कॅबिनचा क्रमांक टाकून नोंद करायची आणि धुण्याआधी डागाचा फोटो काढायचा. लिननचा शर्ट ड्रायरमध्ये गेला तर तो लहान मुलाचा होऊन येतो, आणि त्याची किंमत तुमच्या महिन्याच्या पगाराएवढी असू शकते.

जहाज निघायच्या आधी ‘स्टो’ करणं हे हॉटेलवाल्यांना ठाऊक नसतं. फुलदाणी सिंकमध्ये, ग्लास फोमच्या खाचांत, खुर्च्या बांधलेल्या, फ्रिजचं दार लॅच केलेलं, कपाटाचे खण लॉक. एक ड्रॉवर उघडा राहिला की पहिल्याच लाटेला सगळी कटलरी जमिनीवर.

सीव्ही एक पान, फार तर दोन. युनिफॉर्मसारख्या साध्या कॉलरच्या शर्टात हसरा फोटो, पार्श्वभूमी कोरी. वर नाव, जागा, राष्ट्रीयत्व, व्हिसा, ईएनजी-वन आणि एसटीसीडब्ल्यूच्या तारखा, धूम्रपान करता की नाही, दिसणारे टॅटू आहेत की नाहीत. टॅटू मनगटावर किंवा मानेवर असेल तर लपवू नका, मुलाखतीत दिसतोच. फूड सेफ्टी लेव्हल टू ऑनलाइन होतं, तेही जोडा.

पगाराचं म्हणाल तर ज्युनियर डेकहँड किंवा स्ट्यूला महिना साधारण २,००० ते ३,००० युरो, खाणं-राहणं जहाजाचं. चार्टर यॉट असेल तर वर टिप, आणि ती सहसा सगळ्या क्रूत समान वाटतात. पण पाहुणे असताना दिवस फार लांबतो. एमएलसी लागू असलेल्या यॉटवर २४ तासांत किमान १० तास विश्रांती आणि सात दिवसांत ७७ तास हा नियम आहे. १० तासांचे दोन तुकडे करता येतात, त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. विश्रांतीच्या नोंदवहीवर न बघता सही करू नका.

व्हॉल्व्ह_बंद_कर

भावासाठी.

आयटीआय डिझेल मेकॅनिकला यॉटवर सुरुवात इंजिनिअर म्हणून नाही तर डेक/इंजिनिअर अशा जोड जागेवर किंवा मोटरमन (इंजिनरूमचा मदतनीस) म्हणून होते. दोन रस्ते आहेत.

एक, यॉटचाच: एमसीएचा एईसी-वन, पाच दिवसांचा इंजिनचा कोर्स, मग एईसी-टू, मग सेवा मोजून स्मॉल व्हेसलची इंजिनिअर सर्टिफिकेट्स. कोर्स बहुतेक बाहेर होतात, खर्च युरोत.

दोन, व्यापारी जहाजाचा: डीजीमान्य सहा महिन्यांचा जीपी रेटिंग (साध्या खलाशाचा) कोर्स, त्याला पंचविशीच्या आतलं वय लागतं, आणि पुढे इंजिनरूमची वॉचकीपिंग रेटिंग. डिप्लोमा किंवा डिग्री असती तर क्लास फोरचं सीओसी (जहाजाच्या इंजिनिअरचा परवाना) काढून ब्रिटनकडून समकक्षतेचं सर्टिफिकेट, सीईसी म्हणतात ते, घेता आलं असतं. भारताचं सीओसी त्या यादीत आहे. मोठ्या यॉटवर व्यापारी जहाजातून आलेल्या इंजिनिअरला मागणी चांगली आहे, कारण ५०० ग्रॉस टनाच्या वर आयएसएम (सुरक्षा व्यवस्थापनाचे नियम) वगैरे सगळी कागदी शिस्त लागते आणि ती त्यांना येते.

माझं मत विचाराल तर २१ व्या वर्षी दुसरा रस्ता. हळू आहे, पण पगार घेत समुद्रसेवा जमा होते.

आणि अंबडला असतानाच त्याने तीन गोष्टी शिकाव्यात. रेफ्रिजरेशन-एसी: यॉटवर मुख्य इंजिनापेक्षा एसी बंद पडल्याच्या तक्रारी जास्त, कारण मालक इंजिनरूममध्ये झोपत नाही. बेसिक कंट्रोल वायरिंग आणि मल्टिमीटर. आणि स्टेनलेसचं टिग वेल्डिंग.

यॉटची म्हणून खास जी जागा नवा माणूस बिघडवतो ती दाखवतो: समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा इंपेलर. रबराची पाती असलेलं चाक, समुद्राचं पाणी ओढून हीट एक्स्चेंजरला पाठवतं. ते पाण्यानेच थंड आणि ओलं राहतं. सी-कॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) उघडायला विसरून जनरेटर सुरू केला तर मिनिट-दोन मिनिटांत पाती जळायला लागतात. मग नुसता नवा इंपेलर बसवून भागत नाही. जुना बाहेर काढून पाती मोजायची. बारापैकी दहाच असतील तर दोन तुकडे पुढे कुठेतरी अडकलेत, बहुतेक वेळा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी. कव्हर खोलून ते काढल्याशिवाय इंजिन पुन्हा गरम होणार, आणि लोक थर्मोस्टॅट बदलत बसतात. नवा बसवताना ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावायचं. पेट्रोलियम ग्रीस निओप्रीनला (पात्यांच्या रबराला) फुगवतं. सुरू केल्यावर मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते डोळ्यांनी बघायचं. गेज बघून समाधान मानायचं नाही.

दुसरी जागा वॉटरमेकर. समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं आरओ यंत्र, घरच्या आरओचा थोरला भाऊ, पण दाब ५५ ते ६५ बारच्या आसपास. बंद करताना गोड्या पाण्याने फ्लश करतात. ते पाणी बंदरातल्या नळाचं असेल तर त्यात क्लोरिन असतो, आणि क्लोरिन मेम्ब्रेनला खातो. म्हणून फ्लशच्या लाइनवर कार्बन फिल्टर असतो. तो बदलायची तारीख चुकली की काही महिन्यांनी पाणी खारट लागायला लागतं आणि हजारो युरोंचं मेम्ब्रेन जातं.

आणि एक सवय मोडायची. वर्कशॉपमध्ये तेलकट हात पुसायला चिंधी खिशात असते, बूट तसेच. यॉटच्या इंजिनरूममध्ये बिल्ज (जहाजाचा आतला तळ) पांढऱ्या रंगाचा असतो, तो शोभेसाठी नाही, गळतीचा एक थेंब पडला तरी दिसावा म्हणून. त्या पायांनी सागवानी डेकवर आलात तर तेलाचा ठसा लाकडात मुरतो.

फेंडर_आणि_दोर

ठशाचा विषय निघालाच आहे तर डेकवाल्यांसाठी: सागवान रेषांना आडवं घासायचं, मऊ ब्रशने. रेषांच्या दिशेने घासलं तर मऊ लाकूड निघून जातं, कडक रेषा वर राहतात, आणि दोन वर्षांत डेक कोबीच्या शेतासारखा सऱ्या-वरंब्यांचा होतो. मग सँडिंग, आणि सँडिंग दोन-तीनदाच करता येतं, जाडी संपते.

करिअरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. डेकवरून पुढे ऑफिसर व्हायचं तर एमसीएच्या ओओडब्ल्यू यॉट्स (वॉच सांभाळणारा अधिकारी) सर्टिफिकेटला ३६ महिन्यांची यॉटसेवा आणि त्यात ३६५ दिवस समुद्रसेवा लागते, त्यातले किमान २५० दिवस प्रत्यक्ष समुद्रावरचे. समुद्रावरचा दिवस म्हणजे २४ तासांत किमान चार तास जहाज चालू. मरीनात बांधलेल्या जहाजावर वर्ष काढलं तरी ते यात मोजत नाहीत. म्हणून ‘पगार चांगला, जहाज हलत नाही’ अशी नोकरी पंचविशीत घेताना विचार करा. आणि जहाज सोडताना त्याच दिवशी कॅप्टनच्या सहीचं सेवापत्र घ्या, समुद्र, स्टँडबाय, यार्ड असे दिवस वेगळे लिहून. सहा महिन्यांनी तो कॅप्टन कोणत्या महासागरात असेल ते त्यालाही सांगता येत नाही.

करारात बघायचं: मालक किंवा कंपनीचं नाव, फ्लॅग, पगार कोणत्या चलनात आणि कोणत्या तारखेला, महिन्याला किमान अडीच दिवस रजा, नोटीस, आणि परतीचं तिकीट कोणाचं. एमएलसी लागू असेल तर जहाजावर विमा-हमीचं सर्टिफिकेट लावलेलं असतं. दोन महिने पगार थकवला तर कायद्याने क्रूला वाऱ्यावर सोडल्यासारखं धरतात, आणि त्या विम्यातून चार महिन्यांपर्यंतचा पगार आणि घरी परतण्याचा खर्च मिळतो. केवळ मालकाच्या मौजेसाठी असलेल्या खासगी यॉटला एमएलसी लागू नसतो. तिथे करारात जे छापलंय तेवढंच तुमचं.

सीए_कॉलेजरोड

कराचं दोन ओळींत. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर अनिवासी. पासपोर्टवरचे शिक्के आणि सीडीसीतल्या नोंदी जपा, दिवस त्यावरून मोजतात. अनिवासी खलाशाने परदेशी जहाजावर केलेल्या कामाचा पगार भारतातल्या एनआरई (अनिवासींच्या) खात्यात आला म्हणून तो करपात्र होत नाही, असं सीबीडीटीने (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने) २०१७ च्या १३ क्रमांकाच्या परिपत्रकात सांगितलं आहे. त्यामुळे एनआरई खातं उघडा, पगार साध्या बचत खात्यात मागवू नका.

बंदरवाट

एक मतभेद नोंदवतो. क्रूझचा सल्ला बरेच जण देतात, इथेही कुणी देईलच. तीन हजार पाहुण्यांच्या जहाजावरचा वेटर आणि बारा पाहुण्यांच्या यॉटवरची स्ट्यू, हे लग्नाचं केटरिंग आणि घरचा पाहुणचार इतकं वेगळं काम आहे. समुद्राची सवय आणि एसटीसीडब्ल्यू मिळतं, हे खरं. पण गोदाकाठ यांच्यासाठी पंचतारांकित हॉटेलात बटलर किंवा मालदीवच्या रिसॉर्टमध्ये एक हंगाम जास्त उपयोगी. तिथे पाहुणे तेच आणि अपेक्षाही त्याच.

स्टारबोर्ड_कॅबिन

अर्धं पटलं. छोट्या लक्झरी क्रूझ, शंभर-दोनशे पाहुण्यांच्या, त्या मोजू नका असं नाही. चीफ स्ट्यूला ते चालतं.

गोदाकाठ_२३

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी. एक, भावाला पोहता येत नाही, पाण्यात टाकतात ते त्याला जमेल का? दोन, एजंटाने आज नंबर पाठवला: फ्लॅग केमन, आयएमओ ९६१२३४७. हिशेब केला: ६३ + ३६ + ५ + ८ + ९ + ८ = १२९. शेवटी ९ यायला हवा, त्याने ७ लिहिलाय. माझी बेरीज चुकत नाही ना? एमएमएसआयही ४७० ने सुरू होतो.

फेंडर_आणि_दोर

बेरीज बरोबर आहे. तो नंबर कोणत्याच जहाजाचा असू शकत नाही, आणि ४७० केमनचा नाही, यूएईचा. त्याला चूक दाखवू नका, पुढच्या वेळी बरोबर जुळणारा नंबर शोधून दुसऱ्या कुणाला देईल. संभाषण, नंबर, खात्याचा तपशील यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि डीजी शिपिंगकडे तक्रार करा. पुढे कुठल्याही जहाजाचा नंबर आला तर इक्वेसिस या जहाजांच्या माहितीच्या वेबसाइटवर मोफत खातं काढून नाव, फ्लॅग आणि मॅनेजर जुळवत चला.

पोहण्याचं: लाइफजॅकेट घालून उंचावरून उडी, नाक-तोंड एका हाताने झाकून, दुसऱ्या हाताने जॅकेट खाली ओढून धरायचं, नाहीतर पाण्याचा दणका बसून जॅकेट हनुवटीवर आदळतं. मग थोडं अंतर पोहणं, एकमेकांना धरून गोल करणं, उलटा पडलेला लाइफराफ्ट सरळ करणं आणि त्यात चढणं. लाइफराफ्ट सरळ करताना वाऱ्याच्या खालच्या बाजूला, गॅसच्या सिलिंडरपाशी उभं राहून खालचा पट्टा ओढायचा आणि मागे पडायचं. तो अंगावर येतो, तेव्हा घाबरून श्वास सोडायचा नाही, उताणं राहूनच बाहेर सरकायचं. पोहता न येणाऱ्याची फजिती इथेच होते. त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावावर त्याला दोन महिने घाला. खोल भागात पाच मिनिटं पाय न टेकता तरंगता आलं की कोर्सची तारीख घ्या.